यंत्र किती पाण्यात?

कॉम्प्युटरला बुद्धिबळात हरवणारे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले. ‘कसला कॉम्प्युटर आणि कसलं काय, कालच सव्वीस खेळ्यांत मात दिली त्याला,’ असं ते संध्याकाळी बाकावर बसून सांगतात. खोलात शिरलं की तपशील बाहेर येऊ लागतात. कॉम्प्युटर म्हणजे नातवाने फोनवर टाकून दिलेलं ॲप. त्यात दहा लेव्हल, त्यांतली तिसरी. मध्ये दोनदा वजीर गेला होता. पण चाल मागे घेण्याचं बटण कंपनीनेच दिलंय, ते काय शोभेला? शेवटी जरा अडलं तेव्हा ‘हिंट’ मागितली. म्हणजे ती मात यंत्रानेच सुचवली होती, गृहस्थांनी ती मोठ्या मनाने मान्य केली.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा असतो. तो फोनमधून मान वर न काढता निकाल देतो, ‘काका, स्टॉकफिश ३६०० आहे. कार्लसन २८००. विषय संपला.’

चार आकडी संख्या आली की बाकावरचा वाद मिटतो. काका गप्प होतात आणि विषय पाण्याच्या टँकरकडे वळतो. गंमत अशी, की काकांची सव्वीस खेळ्यांची मात आणि मुलाचे ३६०० हे दोन्ही दावे एकाच जातकुळीतले आहेत. दोन्ही खरे आहेत, आणि ‘कोणाविरुद्ध?’ हा प्रश्न दोघांनीही गाळलेला आहे.

ही संख्या ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अर्पाद एलो हंगेरीत जन्मलेले, लहानपणीच अमेरिकेत गेलेले, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. स्वतःही चांगलं बुद्धिबळ खेळायचे. त्यांची पद्धत अमेरिकेच्या महासंघाने १९६० साली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. पद्धतीचं म्हणणं एवढंच, की दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवील. फरक ४०० चा असेल तर ९१. बस्स. त्यात बुद्धी मोजलेली नाही, प्रतिभा तर नाहीच नाही. उद्या यादीतल्या प्रत्येकाला हजार गुण वाढवून दिले तरी सगळं गणित जसंच्या तसं राहील. वाढलेला आकडा फक्त लग्नाच्या बायोडेटात बरा दिसेल. खुद्द एलो यांना याबद्दल भ्रम नव्हता. एखाद्या माणसाचं मानांकन ठरवणं म्हणजे पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे, असं त्यांनी १९६० च्या दशकातच लिहून ठेवलं. ज्याने पट्टी बनवली तोच पट्टी हलते म्हणतोय; पुढच्या पिढ्यांनी मात्र तिच्यावर मिलिमीटर आखले.

यंत्रांच्या याद्या वेगळ्या असतात. तिथे यंत्रं आपापसांत हजारो डाव खेळतात आणि त्यातून मानांकन निघतं. त्या यादीत मॅग्नस कार्लसनसारखा माणूस नसतो, आणि फिडेच्या यादीत स्टॉकफिशसारखा प्रोग्राम नसतो. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एसएससीचे ९२ टक्के आणि सीबीएसईचे ९२ टक्के शेजारी ठेवून जे पालक भांडतात, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

बुद्धिबळातल्या या दोन ‘बोर्डां’ची सांगड कधीतरी घातली गेली होती, हेही खरं. स्वीडनमधल्या हौशी मंडळींनी १९८० च्या दशकात बुद्धिबळ-यंत्रांची यादी सुरू केली. एसएसडीएफ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९८७ ते १९९१ या काळात काही यंत्रं स्वीडनमधल्या मानांकित माणसांशी स्पर्धांत खेळली आणि त्या डावांवरून यादीची पातळी ठरली. पुढे माणसं गळाली, यंत्रं मात्र एकमेकांना हरवत वर चढत राहिली. यंत्रायंत्रांत फरक फुगून दिसतो. एक प्रोग्राम दुसऱ्यापेक्षा तसूभर सुधारला तरी तो तसू प्रत्येक डावात त्याच जागी कामाला येतो; माणसाविरुद्ध तेवढाच उपयोग होईल असं नाही. अखेर २००० साली स्वीडिश मंडळींना आपली यादी माणसांच्या मानाने फारच वर गेल्याचं जाणवलं आणि त्यांनी सरसकट शंभर गुण कापले. एका रात्रीत जगातली झाडून सगळी यंत्रं शंभर गुणांनी कच्ची झाली. एकाही यंत्राने मोर्चा काढला नाही.

एलोंच्या सूत्रात ३६०० आणि २८०० घालून पाहिले तर उत्तर येतं की माणसाला शंभर डावांत एक गुण मिळावा, म्हणजे दोन डाव बरोबरीत सुटावेत आणि अठ्ठ्याण्णव हरावेत. हे तपासायला शंभर डाव खेळायला कोण तयार होणार? जगज्जेता आपला महिना असा घालवणार नाही, आणि जो घालवील तो जगज्जेता नसेल.

माणसाने यंत्राची परीक्षा घेण्याचा इतिहास यंत्राहूनही जुना आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फोन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने पगडीवाला ‘तुर्क’ आणला. तो लाकडी हाताने मोहरी हलवायचा आणि भल्याभल्यांना हरवायचा. १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळला आणि हरला. पेटीत अर्थातच माणूस बसलेला होता. म्हणजे पहिल्या बुद्धिबळ-यंत्राची ताकद नेमकी किती, याचं उत्तर आजवरचं सगळ्यांत अचूक आहे: आत बसलेल्या माणसाइतकी.

त्यानंतर उलटा प्रकार झाला. ॲलन ट्युरिंगकडे प्रोग्राम होता, पण तो चालवू शकेल असं यंत्र नव्हतं. म्हणून १९५२ साली ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागदावर नियम, हातात पेन्सिल, एकेका चालीला अर्धा अर्धा तास आकडेमोड, आणि समोर सहकारी ॲलिक ग्लेनी. एकोणतिसाव्या खेळीला ‘यंत्र’ हरलं. जगातला अत्यंत बुद्धिमान माणूस स्वतःची बुद्धी बाजूला ठेवून कागदाच्या आज्ञेने हरत बसला होता. सरकारी कचेरीबाहेर असं दृश्य विरळाच.

१९५७ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल असं भाकीत केलं. दहा वर्षांनी, म्हणजे १९६७ मध्ये, एमआयटीतल्या रिचर्ड ग्रीनब्लाटचा ‘मॅक हॅक’ हा प्रोग्राम माणसांच्या स्पर्धांत उतरला आणि त्याचं मानांकन भरलं १४०० च्या आसपास. म्हणजे क्लबात रविवारी येणाऱ्या, उत्साही पण घोड्याचा दुहेरी हल्ला हमखास विसरणाऱ्या सभासदाइतकं. तरी त्याने एक काम चोख केलं. दहा वर्षांचं पोरही यंत्राला हरवतं असं लिहून संगणकवाल्यांची टर उडवणारे तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रेफस यांना पटावर बसवण्यात आलं, आणि मॅक हॅकने त्यांना मात दिली. तत्त्वज्ञाचं म्हणणं त्याने खोटं ठरलं असं नाही. फक्त ते दहा वर्षांच्या पोरापुरतंच खरं आहे, एवढं स्पष्ट झालं.

दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडचा डेव्हिड लेव्ही होता. त्याने १९६८ साली पैज मारली, की दहा वर्षांत एकही संगणक आपल्याला हरवणार नाही. पैज घेणारे संगणकशास्त्राचे दिग्गज होते आणि हळूहळू रक्कम साडेबाराशे पौंडांवर गेली. १९७८ मध्ये टोरांटोत ‘चेस ४.७’ला साडेतीन विरुद्ध दीड असं हरवून लेव्हीने पैसे वसूल केले. पुढच्या अकरा वर्षांत ‘डीप थॉट’ आलं आणि त्याने त्याच लेव्हीला ४–० धुतलं. यंत्राबद्दल पैज मारणाऱ्याने मुदत नीट ठरवावी, एवढी अक्कल लेव्हीकडे होती, सायमनकडे नव्हती.

दरम्यान यंत्रं दुकानात आली होती. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या फिडेलिटी कंपनीने १९७७ मध्ये ‘चेस चॅलेंजर’ विकायला काढलं. खेळाची एकच पातळी, आणि पटाच्या कडेला अक्षरं व आकडे चक्क उलटसुलट छापलेले: उभ्या रांगांना आकडे, आडव्या रांगांना अक्षरं. ज्याला घरांची नावं धड येत नाहीत अशा यंत्राशी लोक हौसेने खेळले आणि काही जण हरलेही. पुढे खोक्यावर मानांकन छापायची चढाओढ लागली. शेवटी अमेरिकी महासंघाने यंत्रांना माणसांशी खेळवून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, आणि फिडेलिटीचंच ‘मॅक थ्री’ २२६५ घेऊन मास्टर ठरलं. ही पद्धत खरं तर सगळ्यांत प्रामाणिक. ज्याच्याशी तुलना करायची त्याच्याशीच खेळवायचं, यापलीकडे तिच्यात काही नव्हतं. म्हणूनच बहुधा ती टिकली नाही. खर्च फार, आणि आकडा जाहिरातीपेक्षा लहान.

मानांकन बाजूला ठेवून जाणकारांना विचारावं, तर तिथेही गोची आहे. १९७७ मध्ये टोरांटोत यंत्रांची जागतिक स्पर्धा भरली होती. रशियाचं ‘काइसा’ आणि अमेरिकेचं ‘डचेस’ खेळत होते. चौतिसाव्या खेळीला डचेसच्या वजिराने पटाच्या कोपऱ्यातून शह दिला. काळ्या राजाने एक घर बाजूला सरकावं, इतकी सरळ चाल समोर होती. काइसाने मध्ये हत्ती आणून घातला. फुकट. वजिराने हत्ती मारला, आणि तोही पुन्हा शह देऊनच. प्रेक्षकांत माजी जगज्जेता मिखाईल बॉटविनिक बसला होता, इतरही नामांकित मंडळी होती. सगळ्यांचं एकमत: प्रोग्राममध्ये काहीतरी बिघडलंय. काइसाच्या चमूने मान खाली घातली. डाव अर्थातच हरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काइसालाच विचारलं, की बाबा, राजा का नाही हलवलास? उत्तर आलं: राजा हलवला असता तर पांढऱ्याने वजिराचा बळी दिला असता, तो घ्यावाच लागला असता, आणि मग उंटाच्या शहापासून थेट मात होती. जगज्जेत्यासकट सभागृहातल्या एकालाही ती दिसली नव्हती. हत्ती देण्यावाचून काइसापुढे मार्गच नव्हता.

एरवी कनवटीचा हत्ती सोडणाऱ्याला मूर्ख म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण समोरचा आपल्यापेक्षा कच्चा आहे की पक्का, हे त्याच्या चालीवरून ओळखायला आपणही तेवढं पक्कं असावं लागतं. आणि तसं असलं तर परीक्षा घेण्याची वेळ येत नाही.

त्याच सुमारास अमेरिकी विजेता ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउनची गंमत झाली. वजीर विरुद्ध हत्ती, बाकी दोन राजे. पुस्तकं सांगतात की वजीरवाला सहज जिंकतो. बेल लॅब्जच्या केन थॉम्पसनने या शेवटाच्या सगळ्या शक्य स्थिती संगणकाकडून सोडवून घेतल्या होत्या. वाईटात वाईट स्थितीतही एकतीस खेळ्यांत जिंकता येतं हे त्यातून निघालं. ब्राउनने शंभर डॉलरची पैज लावली, की पन्नास खेळ्यांच्या नियमात आपण जिंकून दाखवू. यंत्र हत्ती घेऊन बसलं. माणूस नेहमी हत्ती राजाला चिकटवून ठेवतो. यंत्राने तो लांब, भलत्याच घरात नेऊन उभा केला. तिथे तो मारता येईना, की कोंडता येईना. पन्नास खेळ्या संपल्या, डाव सुटेना. ब्राउनने घरी जाऊन अभ्यास केला, परत आला, पुन्हा बसला आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला जिंकला. शंभर डॉलर परत मिळाले. ‘सहज’ हा शब्द मात्र पुस्तकांतून हळूहळू गळाला. या शेवटापुरतं बोलायचं तर यंत्राचं मानांकन काढायची सोयच उरली नाही. ज्याला उत्तरपत्रिका पाठ आहे त्याला कितीपैकी किती द्यायचे?

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर स्लोव्हेनियाच्या इव्हान ब्राट्कोंचं नाव घ्यायला हवं. त्यांनी आणि डॅनी कोपेकने १९८२ च्या सुमारास चोवीस स्थितींची एक प्रश्नपत्रिका काढली. निम्म्या प्रश्नांत डावपेच, निम्म्यांत प्याद्यांची समज. ही चोवीस गणितं सोडवा आणि आपली पातळी जाणून घ्या, अशी योजना. योजना उत्तम होती, फक्त प्रश्नपत्रिका छापून प्रसिद्ध केली होती. प्रोग्राम लिहिणारे आधी ती चोवीस उत्तरं बरोबर येतात का ते पाहू लागले. पेपर फुटायला इथे शिपायाचीही गरज पडली नाही. ब्राट्को पुढे पुन्हा भेटतील.

आता ज्याची सगळे वाट पाहत असतील तो सामना. मे १९९७, न्यूयॉर्क, गॅरी कास्पारोव विरुद्ध आयबीएमचं ‘डीप ब्लू’: सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणारी दोन कपाटं. निकाल साडेतीन–अडीच. जगभर मथळे झळकले की माणूस हरला. मोजमापाच्या दृष्टीने पाहिलं तर सहा डाव झाले आणि फरक एका गुणाचा. त्यातही दुसऱ्या डावात कास्पारोवने राजीनामा दिल्यानंतर विश्लेषकांनी त्या स्थितीत बरोबरीची वाट शोधून काढली. ती त्याला तेव्हा दिसली असती तर सामना ३–३. पहिल्या डावात यंत्राने चव्वेचाळिसाव्या खेळीला हत्ती विनाकारण हलवला होता. ती प्रोग्राममधली चूक होती, असं डीप ब्लूच्या चमूतूनच पुढे सांगण्यात आलं. कास्पारोवने त्या चालीत अथांग खोली पाहिली अशी कथा आहे, आणि ती खरी असेल तर काइसाच्या वेळची वजाबाकी पूर्ण होते: तिथे खोलीला चूक समजले, इथे चुकीला खोली.

कास्पारोवने परतीचा सामना मागितला. आयबीएमने डीप ब्लू बंद केलं. आज एक कपाट वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे आणि दुसरं कॅलिफोर्नियाच्या. एवढ्या कमी डावांत एवढं मोठं नाव मिळवून वेळेवर निवृत्त होणं फार थोड्यांना जमतं.

कास्पारोवच्या पराभवाने सगळं संपलं असं मानणाऱ्यांनी पुढच्याच वर्षीचा विश्वनाथन आनंदचा सामना पाहावा. जुलै १९९८ मध्ये आनंद ‘रेबल’ या डच प्रोग्रामशी आठ डाव खेळला आणि ५–३ हरला. पण बेरीज सोडून फोड पाहिली की मजा येते. पाच पाच मिनिटांचे चार डाव: यंत्र ३, आनंद १. पंधरा मिनिटांचे दोन: यंत्र दीड, आनंद अर्धा. आणि स्पर्धेच्या पुऱ्या वेळाचे दोन: आनंद दीड, यंत्र अर्धा. माणूस तोच, यंत्र तेच, आठवडा तोच. बदललं फक्त घड्याळ, आणि कोण बलवान हे उलटं झालं. ‘यंत्र किती स्ट्राँग?’ याचं त्या वर्षीचं उत्तर होतं: घाई आहे का तुम्हाला?

पुढची दहा वर्षं माणसाची पडती होती, आणि ती काही एका दमात झाली नाही. क्रामनिक २००२ मध्ये बहारीनला ‘डीप फ्रिट्झ’शी ४–४ बरोबरीत सुटला. २००५ मध्ये लंडनला मायकेल ॲडम्सला ‘हायड्रा’ने साडेपाच–अर्धा असं झोडपलं, तो अर्धा गुणही ॲडम्सने जपून ठेवला असेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिल्बाओला रुस्लान पोनोमारियोवने फ्रिट्झला हरवलं, आणि स्पर्धेच्या वेळात बड्या यंत्राला माणसाने मारलेला हा शेवटचा हात, असं जाणकार धरून चालतात.

मग २००६ चं बॉन. जगज्जेता क्रामनिक, पुन्हा डीप फ्रिट्झ, दुसरा डाव. काळ्या मोहऱ्यांनी क्रामनिक उत्तम खेळत होता. चौतिसाव्या खेळीला त्याने शांतपणे वजीर हलवला, उठला, कप उचलला आणि विश्रांतीच्या खोलीकडे निघाला. एका चालीत मात होती. पांढरा वजीर राजाशेजारच्या घरात आला आणि खेळ खलास. शाळेच्या स्पर्धेतल्या पोरालाही दिसावी अशी ती मात होती, आणि फ्रिट्झच्या बाजूने बसलेला माणूसही क्षणभर स्तंभित झाला. सामना यंत्राने ४–२ जिंकला. यंत्राची ताकद मोजताना हा डाव कसा धरायचा? फ्रिट्झने तिथे काही थोर केलं नाही. ते फक्त चहा पीत नव्हतं.

खरं तर हीच यंत्राची अर्धी ताकद आहे. त्याला झोप येत नाही, घरचा फोन येत नाही, गेल्या डावाची रुखरुख लागत नाही. एलोंच्या आकड्यात या गोष्टी सुट्या करून दाखवता येत नाहीत; हिशेबात मात्र त्या सगळ्या जमा असतात.

डीप ब्लू दोन कपाटांत मावत होतं. २००९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या मेर्कोसुर चषकात ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ हा प्रोग्राम एका एचटीसी मोबाइलवर खेळला आणि दहापैकी साडेनऊ गुण घेऊन पहिला आला; कामगिरी २८९८ ची. सेकंदाला वीस हजारही स्थिती तो पाहत नव्हता, डीप ब्लूच्या दहा हजारांश. म्हणजे जास्त पाहतो तो जास्त बलवान, हाही निकष गेला. कुठे पाहायचं नाही हे ज्याला कळतं तो बलवान. हे वाक्य प्रत्येक कीर्तनात बसेल. बुद्धिबळात ते प्रोग्राममध्ये बसवायला पन्नास वर्षं लागली.

सरळ लढाईत राम उरला नाही म्हटल्यावर जुनी पद्धत परत आली: मोहरं देऊन खेळणं. पूर्वी उस्ताद नवख्याला घोडा किंवा वजीर देऊन खेळायचा, आता यंत्र ग्रँडमास्टरला देऊ लागलं. जानेवारी २०१६ मध्ये ‘कोमोडो’ने हिकारू नाकामुराला चार डावांत चार प्रकारच्या सवलती दिल्या. पहिले तीन डाव बरोबरीत सुटले. चौथ्यात नाकामुराला सुरुवातीच्या चार खेळ्या फुकट होत्या; तो डाव कोमोडोने जिंकला. या खेळात एक सच्चेपणा आहे. ‘३४०० की ३५००’ पेक्षा ‘एक प्यादं देऊनही’ हे माप कोणत्याही बाकावर बसलेल्याला कळतं.

आपल्या यंत्राची बाजू घेऊन भांडणारेही आता पुष्कळ आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने जाहीर केलं, की त्यांच्या अल्फाझीरोने फक्त नियम शिकून, स्वतःशीच खेळून, चार तासांत स्टॉकफिशची पातळी ओलांडली, आणि शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत, हार शून्य. स्टॉकफिशवाल्यांनी तक्रारींची यादी काढली: आमच्या गड्याला मेमरी अपुरी दिली, चालीला ठरावीक एक मिनिटच दिलं, आवृत्ती जुनी होती, ओपनिंगचं पुस्तक काढून घेतलं. शब्द न् शब्द ओळखीचा वाटावा. ढगाळ हवा, खराब खेळपट्टी आणि पंचांची नियत सोडून सगळं त्यात होतं. पुढच्या वर्षी सविस्तर शोधनिबंध आला त्यात हजार डाव होते. अल्फाझीरो १५५ जिंकलं, ६ हरलं, बाकी बरोबरी. हे ऐकून तक्रारी थोड्या कमी झाल्या.

काकांच्या तिसऱ्या लेव्हलचा विषयही वाटतो तितका किरकोळ नाही. यंत्राला बलवान करणं सोपं झालं. कच्चं करणं जमत नाही. पुष्कळ ॲपमध्ये यंत्र आठ खेळ्या ग्रँडमास्टरसारख्या खेळतं आणि नवव्या खेळीला, ठरवून, वजीर आणून समोर ठेवतं. माणूस असं हरत नाही. माणूस हळूहळू, स्वतःच्या युक्तीवर खूश होत होत हरतो. चेस डॉट कॉमवर ‘मार्टिन’ नावाचा २५० मानांकनाचा बॉट आहे. त्याच्याशी हरल्याचं कबूल करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. २०२० मध्ये काही संशोधकांनी ‘माया’ नावाचं इंजिन केलं. त्याला चांगली चाल शोधायला शिकवलंच नाही. ११०० ते १९०० मानांकनाची माणसं कुठली चाल खेळतील, नेमकी कुठे चुकतील, हे लाखो डावांवरून शिकवलं. साधारण निम्म्या वेळा ते बरोबर ओळखतं. काकांची चूक आधीच ओळखणारं यंत्र काकूंनंतर हे पहिलंच.

आता भूमिका पुरत्या उलटल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मराठी घराघरांतून सामना पाहिला गेला. अनेकांनी पाहिली ती पटाशेजारची काळी-पांढरी पट्टी. घोडा अडीच घरं कसा जातो हे ज्यांना सांगावं लागतं तेही, पट्टी खाली गेली की ‘छे, छे, इथे चुकली’ म्हणून मांडीवर थाप मारत होते. ती पट्टी म्हणजे यंत्राचं मत. डाव संपला की ‘अचूकता ९१.४ टक्के’ असा निकालही तेच लावतं.

आणि इथे इव्हान ब्राट्को परत येतात. १९८२ मध्ये यंत्रांची परीक्षा घेणाऱ्या याच प्राध्यापकांनी २००६ मध्ये मातेय गुइड यांच्यासह जगज्जेत्यांची परीक्षा घेतली. परीक्षक होतं ‘क्राफ्टी’ नावाचं इंजिन. प्रत्येक जगज्जेत्याच्या चाली क्राफ्टीच्या पसंतीशी ताडून पाहिल्या. पहिला आला कापाब्लांका, शेवटचा श्टाइनित्स. मग कोणीतरी दाखवून दिलं, की ज्या मर्यादेत क्राफ्टीला चालवलं होतं त्या मर्यादेत ते स्वतःच त्यांतल्या अनेक जगज्जेत्यांपेक्षा कच्चं असावं. तपासनीसाला विषय विद्यार्थ्यापेक्षा कमी येतो, ही ओरड महाराष्ट्रात नवी नाही. निकाल मात्र कायम राहिला.

फिडेच्या यादीत आजही एकाही यंत्राला मानांकन नाही. त्यांच्या ताकदीबद्दल फिडेचं अधिकृत मत शोधायचं असेल तर नियमावली उघडावी लागते. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गच्या एका स्पर्धेत पन्नाशी उलटलेला एक ग्रँडमास्टर शौचालयात फोनसह सापडला. त्याआधीच्या काही वर्षांत त्याचं मानांकन चढत चढत २७०० च्या उंबरठ्याला आलं होतं. खेळाडूच्या अंगावर परवानगीवाचून फोन सापडला तर काय करायचं, याचा नियम स्पष्ट आहे: त्याने फोन वापरला का, कोणतं ॲप होतं, कितवी लेव्हल होती, यातलं काही विचारायचं नाही. खेळाडू डाव हरला.